ग्रिड नसलेल्या सोलर घरात एसी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरापर्यंत विजेची तार येत नाही. छतावर पॅनेल, मागच्या खोलीत बॅटऱ्या, आणि त्यांच्या जिवावर दिवे, फ्रिज, पंप सगळं चालतं. एसीही चालतो. हे कळलं की लोक जे विचारतात, ते इतक्यांदा सांगून झालंय की आता एकदाच लिहून ठेवतो. खालचे आकडे तुमच्या घराला जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. हिशेबाची रीत घ्या आणि आकडे आपले घाला.

सोलरवर एसी खरंच चालतो का?

चालतो. दुपारी तर आरामात चालतो. ऊन जितकं कडक तितका एसी हवासा वाटतो आणि पॅनेलमधून वीजही तेव्हाच भरपूर येते. घरातल्या दुसऱ्या कुठल्याही उपकरणाचं सूर्याशी इतकं जमत नाही.

पण बहुतेकांना एसी झोपताना हवा असतो. तेव्हा पॅनेलचा उपयोग शून्य, सगळी वीज बॅटरीतून. म्हणून कुणी ‘किती पॅनेल लागतील?’ असं विचारलं की मी उलट विचारतो, ‘एसी किती वाजता लावणार?’ दुपारी बारा ते चार असं उत्तर आलं तर काम सोपं आहे. रात्री दहा ते सकाळी सहा असं आलं, तर बसून हिशेब करावा लागतो.

एक टनाचा एसी नेमकी किती वीज खातो?

टन म्हणजे एसीचं वजन नाही, हे आधी सांगतो, कारण तसं समजणारे भेटलेत. बर्फाने गारवा मिळवायच्या काळातलं हे माप आहे. सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो, तितकी उष्णता खोलीतून बाहेर काढण्याची ताकद म्हणजे एक टन. आजच्या भाषेत सुमारे ३.५ किलोवॉट.

एवढी उष्णता काढायला वीज मात्र एक किलोवॉटच्या आसपासच लागते. एसी गारवा तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, आणि ती हमाली स्वस्तात होते. इन्व्हर्टर एसी खोली थंड झाल्यावर वेग कमी करतो आणि चांगल्या बंदिस्त खोलीत ३०० ते ४०० वॉटवर येऊन बसतो. रात्रीचा सगळा हिशेब याच आकड्यावर उभा आहे.

माहितीपत्रकातला आकडा बाहेर ३५ अंश असताना मोजलेला असतो. बाहेर ४४-४५ झालं की तोच एसी जास्त वीज ओढतो आणि थंडावा कमी देतो. त्यामुळे आउटडोअर युनिट कुठे बसवता याला महत्त्व आहे. सावली हवी, पण कोंडलेली नको. लोक त्याच्याभोवती सुबक पेटी बांधतात आणि मग ते आपणच फेकलेली गरम हवा पुन्हा आत ओढत बसतं.

इन्व्हर्टर एसी घ्यायचा की साधा?

इन्व्हर्टर एसी. इथे दुसरा विचारच नको.

नावाचा घोळ मात्र आधी मिटवू. घरातला सोलर इन्व्हर्टर बॅटरीच्या डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या) विजेची एसी वीज करतो, म्हणजे घरातल्या उपकरणांना लागणारी, दिशा बदलत राहणारी वीज. या ‘एसी’चा थंड करणाऱ्या एसीशी संबंध नाही. इन्व्हर्टर एसीमधला इन्व्हर्टर वेगळा, तो कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करतो. ‘इन्व्हर्टर एसी घेतला म्हणजे आता वेगळा इन्व्हर्टर नको ना?’ असं मला विचारलं गेलंय. लागतो.

साधा एसी चालू होताना जो झटका मारतो, तिथेच ऑफ-ग्रिड घर हरतं. चालताना सात ॲम्पिअर घेणारा कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी पस्तीस-चाळीस ॲम्पिअर मागू शकतो. क्षणभरच, पण सोलर इन्व्हर्टरला तेवढा क्षण पुरतो. माझा पहिला एसी दीड टनाचा, साधा, जुना आणि जवळजवळ फुकटात मिळालेला होता. सोलर इन्व्हर्टर ३ केव्हीएचा (ढोबळपणे अडीच-तीन किलोवॉट). कागदावर सगळं बसत होतं. प्रत्यक्षात कॉम्प्रेसर ‘धक्’ करायचा, दिवे डोळे मिचकवायचे, आणि चार-पाच वेळांतून एकदा सगळं घर अंधारात जायचं. थर्मोस्टॅट रात्रभर कॉम्प्रेसर चालू-बंद करणार, म्हणजे ही परीक्षा दर वीस मिनिटांनी. आठवड्याभरात तो एसी काढून टाकला. सॉफ्ट स्टार्टर बसवून झटका बराच कमी करता येतो, पण साध्या एसीचा खादाडपणा त्याने जात नाही.

इन्व्हर्टर एसी हळूहळू वेग घेतो, त्यामुळे झटका जवळपास नसतोच. घेताना एकच गोष्ट खोदून विचारा : हा एसी कमीत कमी किती वॉटवर चालू शकतो? काही मॉडेल २०० वॉटपर्यंत खाली येतात, काही बरीच वर अडकतात. रात्री आपल्याला लागतो तो हाच तळाचा आकडा, आणि जाहिरातीत तो कधीच मोठ्या अक्षरात नसतो.

बॅटरी किती आणि पॅनेल किती?

एक खोली धरू. सुमारे १२ चौरस मीटर, दोन माणसं, एक टनाचा इन्व्हर्टर एसी, रात्री आठ तास. एक किलोवॉट-तास म्हणजे एक युनिट.

पहिला तास खोली तापलेली असते, एसी जोरात चालतो : ०.९ युनिट. पुढचे सात तास सरासरी ३८० वॉट धरले तर साधारण २.७. एसीचे झाले ३.६. पंख्याचे ०.२. फ्रिज आणि एखाद-दुसरा दिवा मिळून ०.६. एकूण ४.४ युनिट.

इथवर सगळेच येतात. पुढचं विसरतात. डीसी विजेची एसी वीज करताना सोलर इन्व्हर्टर थोडी वीज स्वतः गिळतो. त्याची कार्यक्षमता ९२ टक्के धरली तर ४.४ साठी बॅटरीतून ४.८ काढावे लागतात. शिवाय तो नुसता जागा राहायलाही वीज घेतो. ५० वॉट म्हटलं तरी आठ तासांत ०.४ युनिट. म्हणजे रात्रीचा खरा खर्च ५.२.

लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी रोज ८० टक्क्यांपर्यंतच वापरायची असं ठरवलं, तर ६.५ युनिटची बॅटरी हवी. बाजारातला नेहमीचा पॅक ५१.२ व्होल्ट, १०० ॲम्पिअर-तासांचा असतो. गुणाकार केला की ५.१२ युनिट. एक पुरत नाही. दोन घेतले की रात्र निघते आणि दुसऱ्या दिवशी ढग आले तरी धडधड होत नाही.

आता पॅनेल. बॅटरीत परत भरायचे ५.५ (रात्रीचे ५.२ आणि भरताना थोडे वाया जाणारे), दिवसा घराला लागणारे अडीच, दुपारी तीन-चार तास एसी लावला त्याचे तीन. मिळून दिवसाला ११ युनिट. दिवसभरात ऊन बारा तास दिसलं तरी पूर्ण तीव्रतेचं ऊन मोजलं तर पाच तास भरतं, असं समजू. तापमान, धूळ, वायरिंग यांचा वाटा वजा केला की एक किलोवॉटचे पॅनेल दिवसाला पावणेचारच्या आसपास युनिट देतात. ११ ला त्याने भागलं की तीन किलोवॉट येतात. मी चार लावीन. काठावरचा हिशेब पहिल्या मळभाच्या दिवशीच कोसळतो.

एक सूचना, जी मला उशिरा सुचली. सगळे पॅनेल दुपारच्या सूर्याकडे तोंड करून लावू नका. थोडे पश्चिमेकडे वळवा. त्यांचं दिवसाचं एकूण उत्पादन जरा घटतं, पण संध्याकाळी, घर सगळ्यात जास्त तापलेलं असताना, तेच वीज देत राहतात आणि बॅटरीवर यायची वेळ तास-दीड तास पुढे ढकलतात.

जुन्या लेड-ॲसिड बॅटऱ्या आहेत. त्यांच्यावर चालेल?

काही रात्री चालेल. लेड-ॲसिड निम्म्याच्या खाली रोज उतरवली तर लवकर दमते, म्हणून लिहिलेल्या क्षमतेतली निम्मीच आपली समजायची. ती क्षमताही दहा किंवा वीस तासांत सावकाश रिकामी करण्याच्या अटीवर लिहिलेली असते. एसीसारखा मोठा लोड भराभर ओढायला लागला की तीच बॅटरी कमी वीज देते. आणि उष्णतेने तिचं आयुष्य झपाट्याने घटतं : २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं, हा जुना ठोकताळा आहे. एसी ज्या दिवसांत लागतो तेच दिवस तिला सगळ्यात जड.

दिवे-पंख्यांसाठी त्या वापरा. चार्ज होताना त्यांतून हायड्रोजन सुटतो, तेव्हा खोली हवेशीर ठेवा. लिथियमच्या पॅकशी त्यांना थेट समांतर जोडायचा उद्योग करू नका.

माझी सिस्टीम १२ व्होल्टची आहे.

एसीसाठी ती विसरा. एक किलोवॉट ओढायला १२ व्होल्टवर नव्वद ॲम्पिअर लागतात, ४८ वर वीस-बावीस. प्रवाह चौपट झाला की त्याच तारेत वाया जाणारी वीज सोळापट होते. अंगठ्याएवढ्या केबल टाकूनही टोकं तापतात.

रात्री दोन-तीनच्या सुमारास सगळं बंद पडतं. संध्याकाळी तर बॅटरी ९० टक्के दाखवत होती!

या प्रश्नावर मी स्वतः एक अख्खा उन्हाळा घालवलाय.

पहिला संशय त्या ९० टक्क्यांवर घ्या. लिथियम आयर्न फॉस्फेटचं व्होल्टेज वीसपासून नव्वद टक्क्यांपर्यंत जवळजवळ सपाट राहतं. जो मीटर नुसतं व्होल्टेज बघून टक्के सांगतो तो अंदाजपंचे बोलतोय. आत गेलेला आणि बाहेर आलेला प्रवाह मोजणारा शंटवाला मीटर लावा. तोही आठवड्या-दोन आठवड्यांतून बॅटरी पूर्ण भरल्यावर शंभरावर जुळवावा लागतो, नाहीतर थोडी थोडी चूक साठत जाते.

दुसरा संशय बॅटरीच्या एखाद्या सेलवर. पॅकमध्ये सोळा सेल असतात. पंधरा ठणठणीत आणि एक मागे पडलेला असला तरी बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारा पॅकमधला रक्षक बोर्ड) त्या एकासाठी अख्खा पॅक तोडतो, आणि ते बरोबरच करतो. बीएमएसच्या ॲपमध्ये एसी चालू असताना प्रत्येक सेलचं व्होल्टेज पाहा.

माझ्याकडे या दोन्ही गोष्टी ठीक निघाल्या. मग मी एसीच्या लाइनवर साधा वॉटमीटर लावून दर तासाला उठून आकडा लिहिला. मला वाटत होतं अकरानंतर एसी ४०० वर आला असेल. तो रात्री एक वाजता ७५० वर होता. खोली बंद, दोन माणसं झोपलेली, बाहेरची हवा निवलेली. उष्णता येत होती वरून. छताचा स्लॅब दिवसभर तापून रात्री खोलीत ओकत होता. छताला आतून हात लावला तर इस्त्री नुकती बंद केल्यासारखं वाटलं.

तेव्हा तुमचंही तसंच असेल तर बॅटरी वाढवायच्या आधी पुढचा प्रश्न वाचा.

आधी एसी की आधी छत?

छत. माझ्याकडून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या.

भर दुपारी आडव्या छतावर दर चौरस मीटरला एक किलोवॉटच्या आसपास ऊन पडतं. १२ चौरस मीटरच्या खोलीवर १२ किलोवॉट. काळपट छत त्यातला बराचसा भाग पिऊन घेतं. काही वाऱ्यावर जातो, काही आकाशाकडे परत फेकला जातो, पण उरलेला काँक्रीटमधून सावकाश खाली उतरतो आणि पोहोचेपर्यंत चार ते आठ तास लागतात. दुपारी दोनचं ऊन तुम्हाला रात्री नऊला भेटतं. आपण बॅटरीतली मोलाची वीज जाळून ते बाहेर ढकलत बसतो.

मी तीन गोष्टी केल्या. छताला पांढरा परावर्तक रंग दिला. खोलीवरचं उरलेलं उघडं छत पॅनेलखाली घेतलं. पॅनेल आणि छत यांच्यात हवा खेळायला वीतभर जागा सोडली, की पॅनेल छत्रीचं काम करतात. २०११ मध्ये सॅन दिएगो इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी हे मोजलं होतं, तेव्हा पॅनेलखालच्या छताला पोहोचणारी उष्णता सुमारे ३८ टक्क्यांनी कमी भरली. तिसरं, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चटई लावली. बाहेरून, हे महत्त्वाचं. आतला पडदा ऊन अडवतो तेव्हा ते काचेच्या आत आलेलंच असतं.

त्यानंतर रात्री एकचा आकडा साडेतीनशेच्या आत आला. बॅटरी तीच, एसी तोच.

फटींचाही बंदोबस्त करा. दाराखालून बोटभर फट असेल तर रात्रभर बाहेरची गरम, दमट हवा आत येते. अगरबत्ती पेटवून दार-खिडक्यांच्या कडेने फिरवा, धूर कुठे वळतो ते दिसतं. फक्त खोली पूर्ण हवाबंद करून झोपू नका, थोडी ताजी हवा लागतेच.

दिवसा खोली गार करून तो गारवा रात्रीसाठी ठेवता येतो का?

थोडा येतो. एक घनमीटर काँक्रीट एक अंशाने थंड करायला सुमारे ०.६ युनिट उष्णता काढावी लागते. खोलीच्या भिंती आणि जमीन मिळून दोन घनमीटर धरली आणि ती तीन अंशांनी उतरवली, तर साडेतीन युनिटची उष्णता आधीच बाहेर गेली. एसीच्या हिशेबात ती साधारण एक युनिट वीज. थोडा गारवा संध्याकाळपर्यंत निसटतो, तरी उरतो तो कामाचा.

गंमत अशी की ही वीज बहुधा वायाच जाणार असते. चांगल्या दिवशी बॅटरी एक-दीडला भरते, मग एमपीपीटी चार्जर (पॅनेलची वीज बॅटरीत भरणारा नियंत्रक) पॅनेलचा हात आखडतो आणि दुपारचं उरलेलं ऊन कुणाच्याच उपयोगी पडत नाही. म्हणून आमचा नेम असा : बॅटरी भरली की झोपायच्या खोलीतला एसी २४ वर लावायचा, दार बंद. ऊन उतरलं की बंद. रात्री नऊला खोलीत शिराल तेव्हा फरक जाणवतो.

एसी किती अंशांवर ठेवू?

२६ किंवा २७, आणि वर पंखा. बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० वॉटच्या आसपास घेतो, जुना पंखा ७०-८०. पंख्याच्या वाऱ्याने त्वचेला दोन-तीन अंश कमी वाटतात. १८ वर लावल्याने खोली लवकर थंड होते हा गैरसमज फार चिवट आहे. मुक्कामाचा आकडा बदलल्याने एसीची ताकद वाढत नाही, तो फक्त थांबत नाही.

२६ वर चिकचिक होते. काय करू?

मग तुमची अडचण दमटपणाची आहे. हवेतल्या एक लिटर वाफेचं पाणी करायला सुमारे ०.६८ युनिट उष्णता काढावी लागते. एसीच्या पाइपमधून रात्रभर जी धार गळते ती या कामाची पावती आहे. दमट दिवसांत एसीच्या ताकदीचा बराच वाटा तिकडेच जातो, तापमान मात्र हललेलं दिसत नाही.

तसा एसीचा जन्मच दमटपणातून झालाय. १९०२ मध्ये विलिस कॅरियर यांनी ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी पहिली आधुनिक यंत्रणा आखली, कारण दमट हवेत कागद फुगून रंग जागेवर बसत नव्हते. माणसांचा नंबर नंतर लागला.

अशा रात्री ‘ड्राय’ मोड लावून बघा. पंखा मंद, कॉम्प्रेसर हलका, आणि २७ अंशांनाही कोरडं वाटतं. गरजेपेक्षा मोठा एसी इथे उलटा पडतो : खोली पटकन गार करून थांबतो, पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. दीड टन म्हणजे एक टनापेक्षा बरं, असं धरून चालू नका.

कूलर लावला तर?

हवा कोरडी असेल तर जरूर. १००-२०० वॉटमध्ये काम होतं. पाण्याचं बाष्प होताना हवा गार होते, एवढंच त्याचं तंत्र, त्यामुळे दमट हवेत तो निरुपयोगी. आणि कूलरला खिडकी उघडी लागते, एसीला बंद. दोन्ही एकदम लावणारे लोक आहेत. त्यांचा एसी कूलरने घातलेलं पाणी काढत बसतो.

ऐन उन्हाळ्यात पॅनेल लिहिल्यापेक्षा कमी वीज का देतात?

पॅनेलवरचा आकडा सेल २५ अंशांवर असतानाचा असतो. कडक उन्हात सेल ६५ वर जातो. दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घट धरली तर ४० अंशांना १४ टक्के गेले. यात बिघाड नाही. खालून वारा खेळू द्या आणि सकाळी धूळ पुसा. तापलेल्या काचेवर भर दुपारी गार पाणी ओतू नका.

सलग ढगाळ दिवस आले तर?

दाट ढगांत पॅनेल नेहमीच्या दहा ते पंचवीस टक्केच देतात. यावर एसीसाठी तीन-चार दिवसांचा बॅटरीसाठा बांधणारे असतात. मला ते पटत नाही. बॅटरी दुप्पट केली तरी ती भरणार कशाने? पॅनेल दुप्पट केले तर मळभातही थोडी भर पडते, विरळ ढगांच्या दिवशी तर बॅटरी भरूनही जाते. आणि ढगाळ दिवशी ऊन नसल्याने छत तापत नाही, रात्रीचा लोडही हलका असतो.

जनरेटर ठेवायचा तर तो एसीसाठी थेट रात्रभर घुरघुरत ठेवू नका. संध्याकाळी दोन तास पूर्ण लोडवर चालवून चार्जरमार्फत बॅटरी भरून घ्या. अर्धपोटी चालणारा जनरेटर त्याच युनिटला जास्त इंधन पितो.

‘सोलर एसी’ म्हणून पॅनेल थेट जोडायचे एसी मिळतात, ते कसे?

दुपारपुरता चांगला पर्याय आहे. पॅनेलची डीसी वीज थेट एसीच्या आत जाते, मधला सोलर इन्व्हर्टर आणि त्याचा नाश वाचतो. दुकान, कार्यशाळा, दिवसा वापरायची खोली यासाठी मी तेच सुचवीन. ऊन गेलं की त्याला दुसरी वीज लागते. आणखी एक : त्या पॅनेलची वीज एसीलाच बांधलेली राहते. एसी बंद असेल त्या दिवशी ती पंपाला किंवा बॅटरीला मिळत नाही. घरात सगळ्यांसाठी एकच साठा असलेला बरा.

आमच्या छतावर सोलर आहे, ते ग्रिडला जोडलेलं आहे. वीज गेल्यावर एसी चालेल ना?

नाही. साधा ग्रिडवाला इन्व्हर्टर वीज जाताच स्वतःला बंद करतो, तारांवर काम करणाऱ्या माणसाला तुमच्या छतावरच्या विजेचा झटका बसू नये म्हणून. लख्ख उन्हातही घर अंधारात. बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर (ग्रिड गेल्यावर घर बॅटरीवर चालवू शकणारा) असेल तरच काम होईल.

चाकांवरचा पोर्टेबल एसी सोयीचा पडेल का?

एका पाइपचा असेल तर घेऊ नका. तो आतलीच थंड हवा वापरून स्वतःला निववतो आणि ती पाइपने बाहेर फेकतो. जेवढी हवा बाहेर गेली तेवढी गरम हवा फटींतून आत येते. बॅटरीवरच्या घरात ही चैन परवडत नाही.

सगळ्या घराला एसी करायचा आहे.

एका खोलीपासून सुरुवात करा. उन्हाळाभर सगळे एका खोलीत झोपले तर काही बिघडत नाही. आमच्याकडे मुलांना तर तेच आवडतं.

वायरिंग मी स्वतः केलं तर?

पंख्याचं बटण बदलणं वेगळं आणि हे वेगळं. घरातल्या नेहमीच्या विजेचा प्रवाह सेकंदात शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. डीसी प्रवाह शून्यावर येतच नाही. पॅनेलच्या तीन-चारशे व्होल्टच्या लाइनवर साधी एमसीबी (घरातल्या बोर्डवरचा नेहमीचा ब्रेकर) लावली तर आत न विझणारी ठिणगी पेटून ती वितळू शकते. डीसीसाठीचेच ब्रेकर, आणि बॅटरीच्या टोकालगत तिचा शॉर्ट-सर्किट प्रवाह तोडू शकेल असा फ्यूज. लिथियम पॅक शॉर्ट झाला तर हजारो ॲम्पिअर सोडू शकतो. हे काम डीसी केलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. काम झाल्यावर पहिल्या आठवड्यात एसी जोरात चालू असताना सगळी टोकं थर्मामीटर-गनने तपासा. शेजारच्या टोकापेक्षा एखादं जास्त तापत असेल तर ते सैल आहे.

उन्हाळा सरला की या जादा पॅनेलचं काय करायचं?

आम्ही त्या दिवसांत पाण्याच्या टाकीत हीटर टाकतो आणि दुपारीच पंप चालवून टाकी भरून घेतो. एसीचा ब्रेकर बंद करून ठेवतो, कारण रिमोटने बंद केलेला एसीही थोडे वॉट पीतच असतो. बंद करण्याआधी अर्धा तास नुसता पंखा मोडवर चालवून आतली कॉइल वाळवून घ्या, म्हणजे पुढच्या मोसमात पहिल्या दिवशी कुबट वास येत नाही.